देवळ्यातून दिसणाऱ्या घटनादुरुस्त्या

नाशिक जिल्ह्याच्या देवळा तालुक्यातला मतदार विधानसभेला चांदवड मतदारसंघात मत देतो आणि लोकसभेला दिंडोरीत. चांदवडची जागा खुली आहे, दिंडोरीची अनुसूचित जमातींसाठी राखीव. घटना लागू झाली तेव्हा लोकसभा-विधानसभेतल्या राखीव जागांना कलम ३३४ ने फक्त दहा वर्षांची मुदत घातली होती. म्हणजे १९६० मध्ये हे आरक्षण संपायचं होतं. त्याच्या तोंडावर आठवी घटनादुरुस्ती झाली आणि दहाची वीस वर्षं झाली. तेविसाव्या दुरुस्तीने तीस, पंचेचाळिसाव्या दुरुस्तीने चाळीस, आणि पुढे दर दशकाला बासष्टावी, एकोणऐंशीवी, पंच्याण्णवावी, एकशे चारावी अशा दुरुस्त्या होत गेल्या. आजची मुदत २५ जानेवारी २०३० ला संपते. सुरगाण्याच्या डोंगरापासून येवल्याच्या माळापर्यंत पसरलेल्या या मतदारसंघातून आदिवासी खासदार दिल्लीला जातो, तो या सात दुरुस्त्यांच्या बळावर.

शाळेच्या पुस्तकात घटनादुरुस्त्या एका तक्त्यात भेटतात. डावीकडे क्रमांक, उजवीकडे साल, मध्ये एक ओळ. स्पर्धा परीक्षेची पोरं हा तक्ता तोंडपाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. त्यांचा दोष नाही, तक्ताच तसा आहे. मूळ घटनेत ३९५ कलमं आणि ८ परिशिष्टं होती, आज परिशिष्टं १२ आहेत आणि सप्टेंबर २०२३ मधल्या महिला आरक्षणाच्या दुरुस्तीपर्यंत दुरुस्त्यांची संख्या १०६ झाली. या आकड्यावरून कुणी म्हणतं घटना लवचीक आहे, कुणी म्हणतं तिची मोडतोड झाली. दोन्ही मतांचा मला फारसा उपयोग वाटत नाही. दुरुस्तीला विचारण्याजोगा खरा प्रश्न एकच आहे : हिच्यामुळे अधिकार कुणाच्या हातून गेला आणि कुणाच्या हाती आला? हा प्रश्न घेऊन एका तालुक्यात बसलं, की १०६ दुरुस्त्यांमधल्या मोजक्याच खऱ्या अर्थाने ठळक दिसू लागतात. शिवाय त्यांचा क्रम पुस्तकातल्यापेक्षा निराळा लागतो.

सुरुवात जमिनीपासून करू. पहिली घटनादुरुस्ती १८ जून १९५१ ची. घटना लागू होऊन दीड वर्षही झालं नव्हतं. पहिली सार्वत्रिक निवडणूकही व्हायची होती. ज्या सभेने घटना लिहिली तीच हंगामी संसद म्हणून काम करत होती, आणि आपणच लिहिलेलं बदलायची वेळ तिच्यावर आली. पाटणा उच्च न्यायालयाने मार्च १९५१ मध्ये बिहारचा जमीनदारी रद्द करणारा कायदा समानतेच्या हक्काविरुद्ध ठरवून रद्द केला होता. इतर प्रांतांतले जमीनमालकही कोर्टात धावत होते. तेव्हा नेहरूंच्या सरकारने दोन नवी कलमं घातली, ३१-अ आणि ३१-ब, आणि सोबत नववं परिशिष्ट जोडलं. या परिशिष्टात ज्या कायद्याचं नाव येईल तो मूलभूत हक्कांशी विसंगत आहे म्हणून रद्द करता येणार नाही, अशी ती तरतूद होती. पहिल्या यादीत १३ कायदे होते. पहिलं नाव बिहारच्या त्या कायद्याचं आणि दुसरं मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९४८ याचं. म्हणजे आपला कुळकायदा.

नाशिक जिल्हा तेव्हा मुंबई राज्यात होता. हा कायदा १९५६ मध्ये बराच कडक झाला आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता तो कायद्याने तिचा खरेदीदार मानला गेला. जमीनमालक सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५८ मध्ये न्यायालयाने कायदा उचलून धरला, तो कलम ३१-अ च्या आधाराने. पहिली दुरुस्ती नसती तर हा निकाल असा लागला असता असं म्हणणं कठीण आहे.

या सगळ्याचा माग आजही तलाठ्याच्या दप्तरात लागतो. कुळाकडून आलेल्या एखाद्या जमिनीचा सातबारा काढून पाहा. गाव नमुना सातवर खातेदाराचं नाव, क्षेत्र, आकार आणि मग ‘इतर हक्क’ नावाचा रकाना. त्यात कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र अशा अर्थाची नोंद आणि शेजारी वर्तुळात फेरफाराचा क्रमांक दिसेल. तो फेरफार उघडला की कलम ३२-ग ची चौकशी सापडते. तहसीलदाराने शेतजमीन न्यायाधिकरण म्हणून बसून जमिनीची किंमत ठरवलेली असते. साध्या कुळासाठी ती शेतसाऱ्याच्या २० ते २०० पटींमध्ये ठरवायची होती. हप्ते फेडले की ३२-म चं प्रमाणपत्र मिळे. अनेक घरांत हा पिवळा पडलेला कागद दागिन्यांच्या डब्यात ठेवलेला असतो. कलम ४३ चं बंधन असं की ही जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही. २०१४ च्या सुधारणेनंतर, खरेदीला दहा वर्षं झाली असतील तर साऱ्याच्या ४० पट रक्कम भरून ही अट संपवता येते. ज्याच्या आजोबाने ती जमीन कूळ म्हणून कसली, त्या नातवाला आज ही अट जाचक वाटते. त्याचं वाटणं समजण्यासारखं आहे. पण त्या रकान्यात अट आहे कारण वर त्याच्या घराण्याचं नाव आहे, आणि ते नाव तिथे टिकलं याचं मोठं श्रेय संसदेच्या १९५१ च्या त्या बदलाला जातं. अधिकार मालकाच्या हातून सुटला आणि कसणाऱ्याच्या हाती आला, इतकी सरळ दुसरी दुरुस्ती मला दाखवता येणार नाही.

नववं परिशिष्ट मात्र तेरावर थांबलं नाही. आज त्यात २८४ नोंदी आहेत आणि त्यांतल्या काहींचा जमीन सुधारणेशी संबंधही नाही. महाराष्ट्राचा १९६१ चा कमाल जमीनधारणेचा कायदा सतराव्या दुरुस्तीने त्यात गेला. त्या दुरुस्तीलाच आव्हान मिळालं, तेव्हा १९६४ मध्ये सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या खंडपीठाने ती वैध ठरवली. पुढे २४ एप्रिल १९७३ चा केशवानंद भारती खटल्याचा निकाल आला. तेरा न्यायमूर्तींपैकी सात जणांनी सांगितलं की संसद कुठलंही कलम बदलू शकते, पण घटनेची मूलभूत चौकट तिला मोडता येणार नाही. विरोधी मत देणाऱ्या सहांमध्ये यशवंतराव चंद्रचूड होते. हेच चंद्रचूड पुढे सरन्यायाधीश झाल्यावर मिनर्व्हा मिल्सच्या खटल्यात त्याच मूलभूत चौकटीच्या बाजूने ठाम उभे राहिले, आणि वामनराव खटल्यात, जो आपल्याच कमाल जमीनधारणा कायद्याविषयी होता, त्यांनी रेघ आखून दिली : २४ एप्रिल १९७३ पर्यंत नवव्या परिशिष्टात गेलेले कायदे सुरक्षित, त्यानंतरचे तपासणीस पात्र. देशभरच्या वकिलांना आजही उपयोगी पडणारी ही तारीख महाराष्ट्रातल्या शेतजमिनीच्या भांडणातून पक्की झाली.

मधली आणीबाणीची वर्षं सगळ्यांना माहीत आहेत म्हणून थोडक्यात. १९७६ ची बेचाळिसावी दुरुस्ती हे तुकडे जोडणं नव्हतं, अर्धी घटना उसवून पुन्हा शिवणं होतं. उद्देशिकेत ‘समाजवादी’ आणि ‘धर्मनिरपेक्ष’ हे शब्द आले, लोकसभेची मुदत सहा वर्षं झाली, दुरुस्त्यांना न्यायालयात आव्हान देण्याची वाट बंद केली गेली. शिक्षण आणि वनं हे विषय राज्यांच्या यादीतून समवर्ती सूचीत गेले. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने बरंच काही पूर्ववत केलं, पण शिक्षण आणि वनं राज्यांकडे परत आली नाहीत. त्याच दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढून कलम ३००-अ मध्ये साधा कायदेशीर हक्क म्हणून ठेवला. रस्त्यासाठी शेत संपादित होतं तेव्हा शेतकरी आज या कलमाचा आधार घेतो.

आता कांद्याकडे येतो. माझ्या मते देवळा तालुक्याच्या रोजच्या जगण्यावर सर्वांत जास्त परिणाम करणारी घटनादुरुस्ती तिसरी आहे, आणि ती कुणाला ठाऊक नाही. कुठल्याही तक्त्यात तिच्या वाट्याला धड एक ओळही येत नाही.

घटनेने शेती आणि बाजार हे विषय राज्यांकडे दिले. फक्त फाळणीनंतरच्या टंचाईमुळे कलम ३६९ मध्ये एक तात्पुरती सोय केली : पहिली पाच वर्षं अन्नधान्य, कापूस, पेंड, कापड, कोळसा, पोलाद अशा काही वस्तूंच्या राज्यातल्या व्यापारावरही संसदेला कायदा करता येईल. ही मुदत जानेवारी १९५५ मध्ये संपली. ती संपत असतानाच तिसरी दुरुस्ती आणली गेली आणि २२ फेब्रुवारी १९५५ ला ती लागू झाली. समवर्ती सूचीतली ३३ वी नोंद नव्याने लिहिली गेली, आणि खाद्यपदार्थ, गुरांचा चारा, कच्चा कापूस, ताग यांचा व्यापार, उत्पादन, पुरवठा आणि वाटप हे विषय कायमचे केंद्राच्याही कक्षेत आले. त्याच वर्षी त्या पायावर अत्यावश्यक वस्तू कायदा उभा राहिला. पाच वर्षांची तात्पुरती सोय अशी कायम झाली.

उमराण्याच्या बाजार समितीत सकाळी पिकअप आणि ट्रॅक्टर रांगेने लागतात. व्यापारी ट्रॉलीवर वाकून मूठभर कांदा हातात घेतो, साल दाबून पाहतो, आकडा पुकारला जातो. हा आकडा मागणी-पुरवठ्याने ठरतो असं आपण म्हणतो. पण २३ ऑक्टोबर २०२० ला केंद्राने घाऊक व्यापाऱ्याला २५ टन आणि किरकोळ विक्रेत्याला २ टन कांदा साठवण्याची मर्यादा घातली, तेव्हा काय झालं ते नाशिक जिल्ह्याने पाहिलं आहे. मर्यादा शेतकऱ्याच्या कांदाचाळीवर नव्हती. पण घेतलेला माल ठेवायचा कुठे, म्हणून व्यापाऱ्यांनी लिलावाकडे पाठ फिरवली आणि बाजार समित्या काही दिवस बंद पडल्या. उन्हाळ कांदा चाळीत जपून ठेवलेल्या माणसाला ज्या महिन्यात दोन पैसे मिळायचे तोच महिना हातचा गेला. कायद्याचं मूळ शोधत गेलात तर अत्यावश्यक वस्तू कायदा लागतो, आणि त्याच्याही खाली ही ३३ वी नोंद. निर्यातबंदीची गोष्ट वेगळी. परदेशी व्यापार पहिल्यापासूनच केंद्राचा विषय आहे, त्यामुळे ८ डिसेंबर २०२३ ची बंदी असो किंवा त्याआधीचा ४० टक्के निर्यातकर, त्यासाठी कुठल्या दुरुस्तीची गरज नव्हती. गंमत म्हणजे २०२० चे वादग्रस्त कृषी कायदेही याच ३३ व्या नोंदीच्या आधाराने केले गेले होते. त्यांना विरोध करणारे आणि पाठिंबा देणारे दोघेही बाजारभावावर बोलत राहिले. हा अधिकार केंद्राकडे आला कुठून, हे फार थोड्यांनी विचारलं.

टंचाईच्या काळात केंद्राच्या हाती असा अधिकार असणं मला चूक वाटत नाही. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची आठवण ताजी असलेल्या पिढीने तो घेतला होता. चूक ही झाली की दुष्काळाच्या भीतीने घेतलेला अधिकार पुढे शहरातला कांदा स्वस्त ठेवण्यासाठी वापरला जाऊ लागला, आणि ज्या राज्याकडे बाजार समित्या आहेत त्या राज्याच्या हाती पत्रं लिहिण्यापलीकडे फारसं काही उरलं नाही. अधिकार मुंबईहून दिल्लीला गेला, आणि उमराण्यापासून आणखी लांब गेला.

याच्या उलट दिशेने जाणाऱ्या दोन दुरुस्त्या म्हणजे त्र्याहत्तरावी आणि चौऱ्याहत्तरावी. महाराष्ट्राला पंचायतराज नवं नव्हतं. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवर १९६१ चा जिल्हा परिषद कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. पण निवडणूक कधी घ्यायची ते राज्य सरकारच्या मर्जीवर असे आणि मुदती वाढवत नेल्या जात. राजीव गांधींच्या सरकारने १९८९ मध्ये यासाठी आणलेली विधेयकं राज्यसभेत पडली. नरसिंह रावांच्या काळात डिसेंबर १९९२ मध्ये ती नव्या रूपात मंजूर झाली. ग्रामीण भागासाठीची दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून आणि शहरांसाठीची १ जून १९९३ पासून लागू झाली. पाच वर्षांची मुदत, ती संपण्याआधी निवडणूक, त्यासाठी स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग, आणि किमान एकतृतीयांश जागा महिलांना. महाराष्ट्राने २०११ मध्ये महिलांचा वाटा निम्मा केला.

देवळ्याची नगरपंचायत हे शहरांसाठीच्या या दुरुस्तीचंच अपत्य आहे. कलम २४३-थ सांगतं की जे क्षेत्र ग्रामीणाकडून नागरीकडे सरकत आहे तिथे नगरपंचायत असावी. राज्याने तालुक्याच्या गावांच्या ग्रामपंचायती नगरपंचायतींत बदलल्या तेव्हा देवळ्यात सरपंच जाऊन नगराध्यक्ष आले, आणि वॉर्डातून निवडून येणारे सदस्य १७ झाले. पण ‘अधिकार कुणाच्या हाती’ हा प्रश्न इथे विचारला की उत्तर मिळतं ते अर्धंच. बाराव्या परिशिष्टात १८ विषय आहेत : पाणीपुरवठा, रस्ते, नगररचना, गटारं, दिवाबत्ती. मात्र हे विषय राज्याने द्यायलाच हवेत असं घटना म्हणत नाही, देता येतील असं म्हणते. मुख्याधिकारी राज्य पाठवतं, मोठा निधी राज्याकडून येतो, आणि नगरसेवकाच्या हाती बरेचदा पाठपुरावाच येतो.

आणि मुदतीचं काय झालं? देवळ्यासह जिल्ह्यातल्या सहा नगरपंचायतींची निवडणूक डिसेंबर २०२१ मध्ये लागली होती. अर्ज भरायला सुरुवात झाल्यावर सर्वोच्च न्यायालयाने ओबीसींच्या जागा स्थगित केल्या, कारण आरक्षणाआधी मागासलेपणाची माहिती गोळा करण्याची अट राज्याने पुरी केली नव्हती. त्यामुळे एकाच गावात काही वॉर्डांचं मतदान २१ डिसेंबरला झालं, आणि राहिलेल्या जागा खुल्या करून त्यांचं १८ जानेवारी २०२२ ला. मतमोजणी एकदमच १९ तारखेला झाली. निदान निवडणूक झाली. नाशिक जिल्हा परिषदेची मुदत त्याच मार्चमध्ये संपली आणि तिथे प्रशासक बसला. आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद चालू राहिले. अखेर ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाला राज्याला सांगावं लागलं की चार महिन्यांत निवडणुका घ्या. घटनेत पाच वर्षांची मुदत स्पष्ट लिहिलेली असताना तीन वर्षांहून अधिक काळ जिल्हा परिषदेचा कारभार एकाही निवडून आलेल्या सदस्याविना चालला, आणि गावोगावी त्याचा फारसा संताप झाला नाही. दुरुस्ती करून घेणाऱ्यांनी १९९२ मध्ये जे टाळायचं ठरवलं होतं नेमकं तेच घडलं. हे मला या सगळ्या कथेतलं सर्वांत वाईट पान वाटतं.

सहकाराचीही एक दुरुस्ती आहे. विठेवाडीला वसंतदादा पाटील सहकारी साखर कारखाना आहे, त्यामुळे तालुक्यात सभासद, संचालक, निवडणूक हे शब्द घरोघरी माहीत आहेत. सत्याण्णवावी दुरुस्ती १५ फेब्रुवारी २०१२ ला लागू झाली. संचालक २१ हून जास्त नकोत, दर पाच वर्षांनी निवडणूक हवी, महिलांना दोन जागा हव्यात, असं तिने थेट घटनेत लिहिलं. हेतू चांगला होता. पण सहकार हा राज्यसूचीतला विषय आहे, आणि अशा विषयाला हात घालायचा तर कलम ३६८ प्रमाणे संसदेतल्या विशेष बहुमतासोबत निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती लागते. ती घेतलीच नव्हती. २० जुलै २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने राज्यांतल्या सहकारी संस्थांपुरता तो भाग रद्द ठरवला. महाराष्ट्राने मधल्या काळात स्वतःचा कायदा बदलून सहकारी निवडणूक प्राधिकरण उभं केलं होतं, ते राहिलं. तिसऱ्या दुरुस्तीच्या वेळी राज्यांची संमती घेतली होती. इथे चांगल्या हेतूच्या भरात ती विसरली गेली.

१९८९ च्या एकसष्टाव्या दुरुस्तीने मतदानाचं वय २१ वरून १८ केलं, म्हणून देवळ्याच्या कर्मवीर रामरावजी आहेर महाविद्यालयातली पहिल्या-दुसऱ्या वर्षाची मुलंमुली आज मतदार आहेत. २०१६ च्या एकशे एकाव्या दुरुस्तीने जीएसटी आला. खतावर तो लागतो, पण ट्रॅक्टरमधलं डिझेल अजून त्याच्या बाहेर आहे आणि त्यावर राज्याचा वेगळा करही लागतो. २०१८ च्या एकशे दोनाव्या दुरुस्तीचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२१ ला असा लावला की मागास वर्ग ठरवण्याचा राज्यांचा अधिकार गेला. त्याच निकालात मराठा आरक्षणही रद्द झालं. तीनच महिन्यांत एकशे पाचाव्या दुरुस्तीने तो अधिकार राज्यांना परत दिला. दुरुस्तीतल्या दोन ओळींनी किती घरांतल्या मुलांचे प्रवेश हलतात, हे त्या उन्हाळ्यात कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

दिंडोरी मतदारसंघाची आजची हद्द २००१ च्या जनगणनेवर आखलेली आहे, ती सत्याऐंशीव्या दुरुस्तीमुळे. महाराष्ट्राच्या लोकसभेच्या ४८ जागा मात्र १९७१ च्या लोकसंख्येवर गोठवलेल्या आहेत. बेचाळिसाव्या दुरुस्तीने सुरू केलेलं हे गोठवणं चौऱ्याऐंशीव्या दुरुस्तीने २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवलं. एकशे सहाव्या दुरुस्तीतलं महिलांचं एकतृतीयांश आरक्षणही तिच्या मूळ मजकुराप्रमाणे जनगणना आणि फेररचनेशी बांधलेलं आहे. फेररचनेचा मसुदा निघेल तेव्हा, आजवरच्या पद्धतीप्रमाणे, तो राजपत्रात प्रसिद्ध होईल, हरकती मागवल्या जातील, आयोग जाहीर सुनावण्या घेईल. देवळा चांदवडसोबत राहणार की दुसरीकडे जोडला जाणार, जागा कुणासाठी राखीव होणार, हे त्या काही आठवड्यांत ठरेल. तालुक्यातल्या ग्रामसभांनी, महाविद्यालयांनी आणि वकील मंडळींनी त्याची वाट पाहत बसू नये. गावांच्या याद्या आणि नकाशे आतापासून अभ्यासावेत, आणि मसुदा आला की आपलं म्हणणं लेखी, मुदतीत द्यावं.